पान पिवळं पडायच्या आधी

निफाड तालुका. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन महिना उलटलाय. घड फुलोऱ्याला आलेत आणि पहाटे दव पडतंय. द्राक्ष बागायतदाराची झोप उडते ती याच दिवसांत.

पानांच्या दाटीत अडकवलेली ही पांढरी पट्टी बघा. हे यंत्राचं पान. दव पडलं की खऱ्या पानासारखंच ओलं होतं. किती वाजता भिजलं, किती वाजता सुकलं, ते मोबाइलवर येतं. डावणी या द्राक्षावरच्या रोगाचे बीजाणू पाण्याशिवाय पानात शिरत नाहीत. ओलाव्यातून अक्षरशः पोहत ते पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांपर्यंत पोचतात. म्हणून फवारणी ठरवायची ती ओलाव्याच्या या तासांवरून. शेजाऱ्यानं ब्लोअर काढला म्हणून आपणही काढायचा, असं नाही.

आता ऊन डोक्यावर आलंय. ड्रोन याच वेळी उडवतात, सावल्या आखूड असतात म्हणून. त्याआधी कॅमेऱ्याखाली ही करडी पाटी. आजचा उजेड किती, याचं माप तिच्यावरून घेतलं जातं. पाटी विसरली, तर आजचा नकाशा मागच्या आठवड्याच्या नकाशाशी ताडून बघता येत नाही.

निरोगी पान लाल उजेड शोषून घेतं आणि आपल्याला न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. वेलीला ताण बसला की हे प्रमाण बदलतं, पुष्कळदा पान पिवळं पडायच्या आधीच. या दोन उजेडांवरून निघणारा आकडा म्हणजे एनडीव्हीआय, उणे 1 ते अधिक 1. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रांवरूनही तो काढता येतो, पण त्या चित्राचा एक ठिपका 10 मीटरचा. 9 फुटांवर ओळी असलेल्या बागेत त्या एका ठिपक्यात वेल, माती, गवत, सगळंच येतं. ड्रोनला एकेक वेल सुटी दिसते.

आणि हा नकाशा. ओळींच्या टोकाला लाल पट्टा, म्हणजे तिथे हा आकडा कमी. रोग आहे की पाणी कमी पडलंय, हे नकाशा सांगत नाही. तिथे चालतच जावं लागतं.

पानं उलटून पाहिली. खाली पांढरी बुरशी नाही. मग ठिबकची नळी उचलली. ड्रीपर क्षारांनी चोकअप झालेले.

एक फवारणी टळली. औषध, डिझेल, मजुरी वाचली, निर्यातीच्या मालात औषधाचा अंशही तेवढा कमी.

नळीचं शेवटचं टोक सोडलं. आधी गढूळ, पांढरट पाणी आलं. मग स्वच्छ.