बत्तिसाव्या सेकंदाला तुटणारा कॉल

[दृश्य: बैठकीची खोली, भिंतीवर मोठा पडदा. समोरचा माणूस बोलता बोलता नाहीसा होतो. पडदा निळा.]

निवेदन:
कॉल तुटला. चित्र गोठलं नाही, आवाज चिरकला नाही, काहीच पूर्वसूचना नाही. आणि खोलीतून पहिलं वाक्य येतं ते ठरलेलं: "बँडविड्थ कमी पडतेय."

अशा वेळी ती, म्हणजे लाइनची वाहून नेण्याची क्षमता, सहसा कमी पडत नसते. लाइन अपुरी असली की आधी चित्र खालावतं. चौकोन दिसू लागतात, ओठ पुढे आणि आवाज मागे राहतो. उपकरणंही रिझोल्यूशन उतरवून तग धरू पाहतात. चित्र स्वच्छ असताना कॉल संपला, तर तो कुणीतरी संपवलेला असतो. शोधायचं ते त्या कुणाला तरी.

म्हणून पहिला प्रश्न वेळेचा. कॉल लागल्यावर किती वेळाने तुटला? दर वेळी तेवढ्याच वेळाने तुटतो का?

[दृश्य: स्टॉपवॉच. काटा ३२ वर थांबतो.]

निवेदन:
बत्तीस सेकंद. हा आकडा दिसला की निम्मं काम झालं. सिप या कॉल जोडण्या-तोडण्याच्या पद्धतीत कॉल उचलणारं उपकरण '२०० ओके' पाठवतं आणि त्याची पोच, म्हणजे 'ॲक', परत येण्याची वाट पाहतं. पोच आली नाही तर तेच उत्तर पुन्हा पुन्हा पाठवतं आणि अखेर कॉल सोडून देतं. २००२ च्या 'आरएफसी ३२६१' या मानकात ही मुदत लिहिलेली आहे: ५०० मिलिसेकंदांच्या ६४ पट. तोवर दोन्हीकडची माणसं एकमेकांना नीट पाहत असतात, कारण चित्र आणि आवाज आरटीपी या पद्धतीच्या पॅकेटांतून, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांतून, वेगळ्या वाटेने वाहतात. पोच हरवते ती बहुधा पत्त्यामुळे. राउटरमागचं उपकरण उत्तरात स्वतःचा आतला, खासगी पत्ता लिहितं. पोच त्या पत्त्यावर निघते आणि कुठेच पोहोचत नाही. हे दुरुस्त करण्यासाठी राउटरमध्ये 'सिप एएलजी' नावाची सोय असते. ती पत्ते बदलते, पण पुष्कळदा अर्धवट. माझं मत विचाराल तर आधी ती बंद करून पाहावी.

[दृश्य: काटा पुढे सरकतो. १५ मिनिटं, मग जवळजवळ ३०.]

निवेदन:
पंधरा मिनिटांच्या आसपास किंवा तिसाव्या मिनिटाच्या जरा आधी कॉल जात असेल, तर सेशन टायमर पाहा, म्हणजे कॉल अजून चालू आहे ना हे तपासणारं सिपमधलं घड्याळ. त्याची शिफारस केलेली मुदत १८०० सेकंद, आणि अर्ध्या मुदतीला 'आपण अजून आहोत' असा निरोप जातो. तो वाटेत अडला, की उपकरण स्वतःच कॉल बंद करतं. नियमाप्रमाणेच वागतं बिचारं.

[दृश्य: सर्व्हर रॅक. फायरवॉलचे लुकलुकणारे दिवे.]

निवेदन:
सगळ्यात चिवट प्रकार तासाभराने तुटणारा. जुन्या बैठक-यंत्रणांत सिपऐवजी एच.३२३ असतं, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं हे मानक १९९६ सालचं. त्यात कॉलचं नियंत्रण टीसीपीवरून, म्हणजे आधी जोडणी जुळवून निरोप पाठवण्याच्या पद्धतीने चालतं, सुरुवात १७२० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे उपकरणाच्या ठरलेल्या दारावर. कॉल एकदा जुळला की या जोडणीवर कुणी फारसं बोलत नाही. सगळी गर्दी यूडीपीवर, म्हणजे जोडणी न जुळवता पाठवण्याच्या पद्धतीवर, चित्राची. फायरवॉलला, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरच्या पहारेकऱ्याला, मात्र शांत जोडणी म्हणजे संपलेली जोडणी वाटते. अनेक फायरवॉलमध्ये शांत जोडणी ठेवण्याची मुदत मुळात एक तासाची असते, आणि जोडणी जिवंत आहे ना हे पाहणारी टीसीपीची 'कीपअलाइव्ह' ठोठावणी सुरू होते ती सहसा दोन तासांनी. मधल्या काळात फायरवॉलमधली जोडणीची नोंद पुसली जाते आणि दोन्ही टोकांना त्याचा पत्ताही नसतो. मग कुणी सादरीकरण पडद्यावर आणायला जातं, नियंत्रणाचा निरोप निघतो, पलीकडे पोहोचत नाही, आणि दोष त्या माणसाच्या लॅपटॉपवर येतो!

उपाय दोन. ठोठावणी काही मिनिटांवर आणा, किंवा फक्त या जोडण्यांपुरती फायरवॉलची मुदत वाढवा. सगळ्यांसाठी सरसकट वाढवू नका, नोंदींचा तक्ता भरून जातो.

कॉल कधीही लागो, तो घड्याळाच्या ठरावीक अंतरानेच तुटत असेल, तर संशय व्हीपीएन बोगद्यावर, म्हणजे दोन ठिकाणांमधल्या सांकेतिक वाटेवर घ्यावा. बोगद्याच्या किल्ल्या ठरावीक मुदतीने बदलतात आणि अदलाबदल फसली की आतली वाहतूक थांबते.

[दृश्य: दोन लॅपटॉप, दोन्हींवर पॅकेटं टिपणारं वायरशार्क. पॅकेटांच्या ओळी सरकताहेत.]

निवेदन:
यातलं काहीच जुळलं नाही, तर दोन्ही ठिकाणी एकाच वेळी पॅकेटं टिपायची. त्याआधी दोन्ही यंत्रांची घड्याळं एनटीपी या नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने जुळवून घ्या, नाहीतर आधी काय आणि नंतर काय यावरच वाद होईल. मग शेवटून वर वाचत जा आणि पहिला 'बाय' (सिपचा कॉल संपवण्याचा निरोप) किंवा टीसीपीचा 'रीसेट' (जोडणी तोडण्याचा निरोप) कुणी पाठवला ते शोधा.

कधी कधी दोन्ही नोंदी सांगतात, "समोरच्याने ठेवला." आलेला रीसेट दोघांकडे आहे, पाठवलेला कुणाकडेच नाही. म्हणजे तो मधल्याच एखाद्या उपकरणाने पाठवलाय. त्या पॅकेटचा टीटीएल, म्हणजे वाटेवरच्या प्रत्येक राउटरपाशी एकाने घटणारा आकडा, आधीच्या पॅकेटांच्या टीटीएलशी ताडून पाहा. आकडा वेगळा निघाला, तर वाटेवरच्या नोंदी एकेका टप्प्यावर तपासत त्या उपकरणापर्यंत जाता येतं.