उठल्यावर अंधारी येते, तेव्हा नाडीही मोजा

नमस्कार श्रोतेहो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा दवाखान्यांत एक तक्रार हमखास येते: पलंगावरून उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते.

आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांत उतरतं, दाब घसरू लागतो. ही घसरण टिपणारे संवेदक दोन जागी असतात. एक मानेत, कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीला, जिथे मोठी धमनी दुभंगते; दुसरे महाधमनीच्या कमानीत. धमनीची भिंत जितकी ताणली जाईल, तितके जास्त संदेश ते धाडतात. मानेतले संदेश मेंदूची नववी नस, ग्लोसोफॅरिंजियल, नेते. कमानीतले दहावी, म्हणजे व्हेगस. दोन्ही लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या सर्वांत खालच्या भागात पोचतात. संदेश रोडावले की हृदयावरचा व्हेगसचा लगाम सैल होतो आणि नाडी वाढते, अगदी एक-दोन ठोक्यांत. गंमत अशी, की व्हेगस बातमीही आणते आणि हुकूमही नेते. रक्तवाहिन्या आवळण्याचं काम मात्र सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला आणीबाणीत सज्ज करणाऱ्या नसांचं. त्याला काही सेकंद लागतात.

आता घरी करायची तपासणी. पाच मिनिटं आडवं राहून बीपी आणि नाडी मोजा. मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून. सोबत कुणीतरी असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ती घसरण खरी.

पण बहुतेक जण इथेच थांबतात, नाडीकडे बघतच नाहीत. बीपी उतरलं आणि नाडी चांगली वाढली, तर नसा शाबूत आहेत. घामानं पाणी-मीठ गेलंय, किंवा लघवी वाढवणारी गोळी जास्त होतेय. बीपी उतरूनही नाडी जेमतेम हलली, तर संशय नसांवर: जुना मधुमेह, पार्किन्सन्स. मात्र मेटोप्रोलॉलसारखी गोळी सुरू असेल तर नाडी दबलेलीच राहते, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिनही दाब उतरवते. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.

मानेतली धमनी स्वतः दाबून पाहण्याचा प्रयोग नकोच; काहींचं हृदय त्यानं तीन सेकंदांहून जास्त थांबतं. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, पावलं वर-खाली हलवा, मग उभे राहा. चक्कर आलीच, तर भिंत धरून उभं राहण्यापेक्षा तिथेच खाली बसा.