सेहेचाळीस वेळा 'हो'

[दृश्य : दोनशे पानी वही. पहिलं पान उघडतं.]

या पानावर ४६ नावं आहेत आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द : हो. दोन-तीन ठिकाणी तर 'हो हो'.

वही एका ताईंची. नागपूरहून काटोल रोडने फेटरी ओलांडली, की कळमेश्वरच्या अलीकडे त्यांचं दोन एकर ओलिताचं शेत आहे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, फुलकोबी, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तुरीच्या ओळी. आजवर माल जायचा तो थेट कॉटन मार्केटला, नागपूरच्या भाजीबाजारात. रात्री गाडी भरायची, पहाटे अडत्याकडे उतरवायची. मिळालेला भाव घरी सांगायचा की नाही, हे भाऊ, म्हणजे ताईंचे यजमान, परतीच्या वाटेवर ठरवायचे.

२०१६ साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. शेतकऱ्याने ग्राहकाच्या दारात भाजी विकायला कायद्याची आडकाठी नाही. राहिला दाराच्या आतल्या माणसाचा प्रश्न.

[दृश्य : फ्लॅट स्कीमचं, म्हणजे सोसायटीचं, गेट. चौकीदाराची वही.]

पोळा झाल्यावर, रब्बीची भाजी लावायच्या आधी, ताई शहरात फिरल्या. नातेवाईक, त्यांचे शेजारी, मुलाच्या शाळेतल्या आया. सगळ्यांना एकच प्रश्न : "शेतातली ताजी भाजी घरपोच दिली तर घ्याल का?"

"घेऊ ना ताई, कामून नाही घेणार!"

आता असा प्रश्न विचारल्यावर नाही कोण म्हणणार? दारात उभ्या माणसाला विन्मुख पाठवायची आपली रीत नाही. ते 'हो' भाजीला नव्हतं, ताईंना होतं.

हे ध्यानात आणून दिलं भाऊंनी. त्यांनी विचारलं, "हे सगळे आता भाजी कुठून घेऊन राहिले?" ताईंकडे उत्तर नव्हतं. म्हणून दुसरी फेरी झाली आणि या फेरीत प्रश्न पुढचे नव्हते, मागचे होते. गेल्या आठवड्यात भाजी कुठून आणली? कोणी आणली? किती रुपयांची? आणि फेकली किती?

[दृश्य : गेटवर भाजीचा ठेला.]

इथे वही भरायला लागली. "आमचा ठेलेवाला रोज येते. सांबार-मिरची फुकटात देते अन् पैसे महिन्याने घेते." मोबाइलवरून भाजी मागवणारी घरं होतीच, पण ताईंची खरी गाठ या ठेलेवाल्याशी होती. आठवड्यातून एकदा येणारी पिशवी रोजच्या उधारीशी कशी झुंजणार?

काही घरी काका स्वतः गोकुळपेठेत जातात, वांगं दाबून पाहतात, घासाघीस करतात, वाटेत चहा घेतात. त्यांना भाजी घरी आलेली नको असते, त्यांना बाजारात जायचं असतं. ताईंनी अशी सगळी नावं खोडली. माझ्या मते त्या वहीतली सगळ्यात शहाणी रेघ हीच.

आणि चौथा प्रश्न, फेकली किती? यावर लोक आधी हसले, मग बोलले. बहुतेक घरांत उत्तर एकच : फ्रिजमध्ये पिवळी पडलेली मेथी. नवरा-बायको दोघंही नोकरीवर, जुडी निवडायला हात मोकळा नाही. मेथी हवी आहे, निवडायचं काम नको आहे.

[दृश्य : ओट्यावर मेथी निवडणारे हात.]

दिवाळीनंतर ताईंनी शेवटचा प्रश्न विचारला. दर रविवारी एक पिशवी, २५० रुपये. चार रविवारचे १००० रुपये आगाऊ.

४६ पैकी १३ जणांनी पैसे दिले.

ताई म्हणतात, त्या रात्री वाईट वाटलं. भाऊंना मात्र हायसं वाटलं. ४६ घरांच्या भरवशावर वाफे लावले असते तर?

पण ही तेरा घरंही एका ठिकाणी नव्हती. आठ घरं फ्रेंड्स कॉलनीजवळच्या दोन लागून असलेल्या स्कीममध्ये, दोन वर्धमाननगरला, तीन मनीषनगरला. पहिल्या रविवारी भाऊ सातला निघाले आणि साडेबाराला परतले. साठ-पासष्ट किलोमीटर. पेट्रोलचा हिशेब घाबरण्यासारखा नव्हता, घरामागे बारा-तेरा रुपये. साडेपाच तास मात्र गेले, ते शेतातून गेले. मनीषनगरला पोचेस्तोवर पालकाने मान टाकली होती. त्याच आठ घरांपुरतं गेलं, तर जाऊन-येऊन तीस-बत्तीस किलोमीटर आणि दोन तासांच्या आत काम.

महिना संपल्यावर ताईंनी वर्धमाननगर आणि मनीषनगरच्या पाचही घरांना हात जोडले. चांगली गिऱ्हाईकं होती, पैसे आगाऊ देणारी. नागपूर केवढंही मोठं असो, दोन एकराच्या शेताला दोन लिफ्टच पुरतात, असं त्या म्हणतात.

[दृश्य : लिफ्टमध्ये पिशव्या.]

उरलेल्या आठातली दोन सुटली. एका घरी मुळा कोणी खात नव्हतं आणि पिशवीत काय असावं हे ताईच ठरवत होत्या. दुसऱ्या घराने कारण सांगितलं नाही. त्याच लिफ्टमधून तीन नवी घरं आली, न विचारता. पिशवी कोणाच्या दारात उतरते, हे शेजारी बघतच असतात.

नऊ घरं, घरी दोन जुड्या मेथी, म्हणजे आठवड्याला अठरा जुड्या. एका दिवशी पेरलेली मेथी महिन्याभराने एकदमच कापणीला येते, अठरा जुड्यांसाठी ती थांबत नाही. म्हणून आता भाऊ दर आठ दिवसांनी एकच पट्टा पेरतात. बाकीचा माल कॉटन मार्केटलाच जातो. तो मार्ग बंद करायचा विचारही त्यांनी केलेला नाही.

[दृश्य : धुऱ्यावरची तूर. शेंगा सोलणाऱ्या बाया.]

डिसेंबरात वेगळंच घडलं. ताईंनी एका पिशवीत पावभर सोले टाकले, तुरीचे हिरवे दाणे, घरीच सोललेले. सोमवारी फोन आला. "ताई, अजून आहेत का? सोलेभात करायचा आहे. सासूबाई गेल्यापासून सोलत कोण बसते?" आठवड्यात सात घरांनी सोले मागितले, भाव न विचारता. ज्या धुऱ्याकडे कोणी पाहत नव्हतं, त्यावर आता सगळ्यांचं लक्ष.

वहीत आता नव्या प्रकारच्या नोंदी आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू चातुर्मासात वांगं खात नाहीत, थेट चंपाषष्ठीला भरीत आणि रोडगे. त्या आठवड्यात मात्र त्यांना दोन किलो हवी असतात. दोन घरं दिवाळीला गावी जातात. एका घरात लसूण चालत नाही.

मे महिन्याच्या पानावर ताईंनी आडवी रेघ मारली आहे. पंचेचाळीस डिग्रीत पालेभाजी टिकत नाही आणि सुट्ट्यांत अर्धी स्कीम कुलूपबंद असते.

जूनचं पान भरलेलं आहे. तूर तेव्हाच पेरायची असते. म्हणून ताई नऊ घरांना आत्ताच विचारत आहेत : पुढच्या डिसेंबरात सोले किती पाव? आणि उत्तरासोबत पन्नास रुपये मागत आहेत.

सहा घरांनी दिले आहेत.