चौदा ते अठ्ठावीस दिवस

(काळोख. यंत्राच्या श्वासाचा संथ आवाज.)

जाडी करंगळीएवढी. लांबी साधारण 45 सेंटीमीटर. बोट हलव, पाय उचल, हे मेंदूचे हुकूम इथूनच खाली उतरतात, आणि तळपायात रुतलेला काटाही याच वाटेनं वर कळतो. हा मज्जारज्जू. त्याच्याभोवती मणक्यांचं चिलखत असतं. अपघातात बहुतेकदा ते चिलखतच मोडून आत घुसतं.

मज्जारज्जू वायरसारखा मधोमध तुटत असेल, असं आपल्याला वाटतं. तसं क्वचितच होतं. तो चिरडतो. आणि पहिल्या धक्क्यानंतर कितीतरी दिवस नुकसान वाढतच राहतं. सूज येते, रक्त पोहोचत नाही, धक्क्यातून वाचलेल्या पेशीही मरू लागतात. शेवटी आत पाण्यानं भरलेली पोकळी उरते आणि तिच्या कडेनं व्रण धरतो. दाह पसरू नये म्हणून शरीरानंच घातलेला हा बांध. पुढे तोच वाट अडवतो.

इजिप्तमधल्या सुमारे 3600 वर्षांपूर्वीच्या एका पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर, मानेचा मणका निखळलेल्या माणसाची लक्षणं नोंदलेली आहेत. हातपाय कळत नाहीत, लघवी नकळत होते. पुढे वैद्याचा निर्णय: उपचार करू नये असा आजार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही डॉक्टरांचं मत याहून फार वेगळं नव्हतं.

(जुनी प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखालचे तंतू.)

1981. माँट्रिअलमध्ये सॅम्युअल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या पायातल्या, संदेश वाहणाऱ्या नसेचा तुकडा घेऊन त्याचा पूल मज्जारज्जूला जोडला. मज्जारज्जूतले तंतू त्या पुलात शिरले आणि चांगले वाढले. म्हणजे बी मेलेलं नव्हतं, जमीन नाठाळ होती.

मूलपेशी म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या कच्च्या पेशी. त्यांची सगळी आशा या जमिनीवर उभी आहे. काही पेशी नव्या चेतापेशी होतील, काही उघड्या पडलेल्या तंतूंवर पुन्हा वेष्टण चढवतील, काही नुसतीच पोषक द्रव्यं सोडतील. पेरणी कुठली आणि खत कुठलं, हे अजून संशोधकांनाही नीट वेगळं करता येत नाही.

ऑक्टोबर 2010 मध्ये अमेरिकेत अटलांटा इथे भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी पहिल्यांदा एका रुग्णाच्या मज्जारज्जूत सोडल्या गेल्या. साधारण वर्षभरानं प्रयोग करणाऱ्या कंपनीनं पैशाच्या कारणानं तो थांबवला.

(टोकियो.)

केइओ विद्यापीठात हिदेयुकी ओकानो आणि मासाया नाकामुरा यांच्या गटानं वेगळी वाट धरली. जपानी संशोधक शिन्या यामानाका यांनी दाखवून दिलं होतं की साध्या पेशीलाही मूलपेशीच्या अवस्थेत परत नेता येतं. मग रुग्णाच्याच पेशी का वापरू नयेत? कारण त्या तयार करून तपासायला महिने लागतात, आणि इथे तेवढी सवड नसते. इजा झाल्याझाल्या पेशी सोडल्या तर दाहात मरतात. उशीर झाला तर व्रण घट्ट होतो. म्हणून 14 ते 28 दिवस, एवढीच फट. तेव्हा पेढीत साठवलेल्या, दात्याच्या पेशी. त्या परक्या, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही आलीच.

चार रुग्ण. प्रत्येकाला 20 लाख पेशी. मार्च 2025 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: गंभीर दुष्परिणाम नाहीत. दोघांत ठळक सुधारणा, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहिला. उरलेल्या दोघांत विशेष फरक नाही.

बातम्यांत अर्थातच तो उभा राहिलेला माणूस दिसला. पण पहिल्या वर्षात काही रुग्ण आपसूकही सुधारतात, आणि व्यायामोपचारानंही फरक पडतो. तुलनेला दुसरा गट नसताना श्रेय पेशींना किती द्यायचं? जपाननं 2018 मध्ये जेमतेम 13 रुग्णांच्या बळावर एका पेशी-उपचाराला सशर्त मंजुरी दिली, तेव्हाही टीका झाली ती याच मुद्द्यावर. आणि 'करून तर बघू' म्हणणाऱ्यांसाठी 2014 मध्ये नोंदलेली एक केस: एका महिलेच्या मज्जारज्जूत नाकातली ऊती बसवली होती. आठ वर्षांनी तिथे गाठ सापडली. ती शेंबडासारखा स्राव तयार करत होती.

(चाकांची खुर्ची. टेबलावर कप.)

2004 मध्ये अमेरिकेत एका पाहणीत रुग्णांनाच विचारलं गेलं, आधी काय परत हवंय? मानेला इजा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी चालणं मागितलं नाही. त्यांनी हात मागितले.