ओळी मोजू नका, ओळ वाचा

मंडळी, विषय जरा कोरडा आहे, आधीच सांगून टाकते. आज कुठल्या मोठ्या शोधाबद्दल बोलायचं नाहीये, बोलायचंय ते त्या यादीबद्दल जी जगातलं जवळजवळ प्रत्येक विद्यापीठ अधूनमधून काढत असतं, आमच्या प्राध्यापकांची अलीकडची प्रकाशनं आणि परिषदांमधली सादरीकरणं वगैरे. अमुक मॅडमचा पेपर अमुक जर्नलमध्ये आला, तमुक सरांनी कॉन्फरन्सला पेपर वाचला, कोणी पोस्टर लावलं, कोणाचं एखाद्या पुस्तकात प्रकरण आलं. ही यादी गोळा करायचं काम मी बरीच वर्षं केलंय, त्यामुळे ती वाचली कशी जाते हे मला चांगलं माहितीये. ओळखीचं नाव आहे का बघायचं, अंगठा टाकायचा, पुढे जायचं. आणि जे जरा सिरियस असतात ते ओळी मोजतात, या सरांच्या सात आणि त्या मॅडमच्या दोनच, म्हणजे सर भारी. इथेच सगळा घोळ होतो, कारण एका ओळीमागे चार वर्षांचं काम असतं आणि तिच्या खालच्याच ओळीमागे एका वीकेंडचं, आणि छापल्यावर दोन्ही अगदी सारख्या दिसतात.

तर ओळ वाचताना आधी बघायचं की पेपर नक्की कुठल्या टप्प्यावर आहे. 'प्रकाशित' म्हणजे झालं, छापून आलं. 'स्वीकृत' म्हणजे रेफरींनी, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या त्याच विषयातल्या जाणकारांनी, पास केलंय, छपाईच्या लाइनीत आहे. 'विचाराधीन' किंवा 'अंडर रिव्ह्यू' म्हणजे ही तपासणी अजून व्हायचीय, फक्त पाठवलंय, एवढंच, पाठवायला काय, कोणीही कुठेही पाठवू शकतं, त्यामुळे खरं तर ही ओळ यादीत येऊच नये असं माझं मत आहे, पण ती येते. आणि प्रीप्रिंट म्हणजे रिव्ह्यूच्या आधीच सगळ्यांसाठी खुला ठेवलेला पेपर. फिजिक्सवाल्यांनी हे १९९१ पासून सुरू केलं, पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामोसला बसून जे सर्व्हर काढलं त्याचंच पुढे अर्काइव्ह झालं, आणि आज फिजिक्स-मॅथ्सची माणसं जर्नलची वाट न बघता रोज सकाळी तेच उघडतात. म्हणून प्रीप्रिंट म्हणजे कच्चं असं लगेच समजू नका, त्या विषयात काय चालतं ते बघावं लागतं.

आता मला जिथे जरा थांबायचंय तो भाग, म्हणजे कॉन्फरन्समधलं प्रेझेंटेशन आणि छापील पेपर यांच्यातलं अंतर. लोकांना वाटतं पेपर वाचला म्हणजे काम झालं. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्सचं उदाहरण घ्या. जून १९९३, केंब्रिजची न्यूटन इन्स्टिट्यूट, तीन दिवस तीन व्याख्यानं. विषयाच्या नावात फर्मा या जुन्या गणितज्ञाचा उल्लेखसुद्धा नाही, इलिप्टिक कर्व्ह्ज, मॉड्युलर फॉर्म्स असलं काहीतरी रूक्ष नाव, पण हॉलमध्ये कुजबुज सुरू झालेली, तिसऱ्या दिवशी गर्दी, आणि २३ जूनला शेवटी फळ्यावर फर्माचं शेवटचं प्रमेय. साडेतीनशेहून जास्त वर्षं अडलेलं. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी. समजा त्या महिन्याची यादी कोणी काढली असती तर काय छापलं असतं, 'व्याख्यान दिले, फर्माचे प्रमेय सिद्ध', विषय संपला.

पण विषय कुठे संपला होता! हस्तलिखित सुमारे दोनशे पानांचं, ते रेफरींकडे गेलं, त्यातले एक निक कॅट्झ, ते ओळ न् ओळ वाचायचे आणि जिथे अडलं तिथे ईमेल टाकून विचारायचे की हे कसं काय. बहुतेक प्रश्न किरकोळ होते, उत्तर आलं की पुढे. त्यातल्याच एका प्रश्नाचं उत्तर मात्र धड येईना, आणि तिथे खरोखर भोक निघालं, सिद्धतेच्या ऐन महत्त्वाच्या जागी. तीनशे वर्षं चिवट राहिलेलं प्रमेय परत निसटतंय असं वर्षभर वाटत होतं. सप्टेंबर १९९४ मध्ये वाइल्स यांना वाट सापडली, रिचर्ड टेलर त्यांच्या जोडीला होते, आणि मे १९९५ मध्ये अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये दोन पेपर आले. म्हणजे टाळ्या ते छापील पान यात जवळजवळ दोन वर्षं गेली, आणि ती कोणीतरी चिकाटीने 'हे कसं काय' विचारलं म्हणून गेली. मला विचाराल तर त्या सबंध गोष्टीत कॅट्झ यांचे ईमेल व्याख्यानांइतकेच मोठे आहेत, पण रेफरीचं काम कुठल्याच यादीत येत नाही, बहुतेक वेळा नावही कळत नाही.

वाइल्स यांचा पेपर निदान आला तरी. २०१८ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने एक मोठा आढावा काढला होता, वैद्यकीय आणि त्याच्या जवळपासच्या विषयांतल्या परिषदांमध्ये जे अॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचे छोटे सारांश, सादर होतात त्यांचं पुढे होतं काय. ४२५ अभ्यास एकत्र केले, त्यात ३ लाख ७ हजारांवर अॅब्स्ट्रॅक्ट, आणि पूर्ण पेपर म्हणून छापून आले ते ३७ टक्के. बाकीचे कुठे गेले? संशोधकांनाच विचारलं तर सगळ्यात जास्त येणारं उत्तर म्हणजे वेळ मिळाला नाही. हसू नका, खरंच आहे ते, प्रोजेक्ट संपतो, विद्यार्थी पास होऊन जातो, डेटा कोणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर राहतो. पण त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट दिसली की ज्यांचे निकाल पॉझिटिव्ह होते त्यांचे पेपर जास्त प्रमाणात छापले गेले, आणि हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण मग छापील पेपरच वाचणाऱ्या डॉक्टरला ते औषध आहे त्यापेक्षा जास्त गुणकारी वाटणार ना.

म्हणजे कॉन्फरन्स हलकी का? अजिबात नाही. मला तर उलट वाटतं, तिथेच संशोधन जिवंत दिसतं. १९८७ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या हिल्टनमध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीची बैठक होती, उच्च तापमानाच्या सुपरकंडक्टरचा, म्हणजे अजिबात विरोध न करता वीज वाहून नेणाऱ्या पदार्थाचा, शोध नुकताच लागलेला, आणि झालं असं की अॅब्स्ट्रॅक्ट पाठवायची तारीख केव्हाच उलटून गेली होती. मग ऐनवेळी एक जादा सेशन ठेवलं, १८ मार्चच्या संध्याकाळी, ५१ वक्ते, प्रत्येकाला पाच मिनिटं. हॉल खच्चून भरला, लोक पॅसेजमध्ये उभे राहून टीव्हीवर बघत होते आणि हे पहाटे तीन वाजून गेले तरी चालू होतं. फिजिक्सवाले त्याला अजून फिजिक्सचं वुडस्टॉक म्हणतात, वुडस्टॉक म्हणजे अमेरिकेतला तो तुडुंब गर्दीचा गाजलेला संगीत महोत्सव. ज्यांनी मूळ शोध लावला त्या बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. जर्नलच्या नेहमीच्या चालीने त्या एका रात्रीत जेवढी देवाणघेवाण झाली तेवढी व्हायला कित्येक महिने लागले असते.

आणि साध्या कॉन्फरन्सलासुद्धा पोस्टरपाशी उभं राहून बघा एकदा. कोणीतरी येतो, नाव-गाव न विचारता थेट तिसऱ्या आलेखावर बोट ठेवतो आणि म्हणतो, हा एक बिंदू बाकीच्यांपासून एवढा लांब का? पोस्टरवाली मुलगी म्हणते, सर त्या दिवशी मशीन गरम झालं होतं, तो आम्ही काढणार आहोत. तो म्हणतो, काढू नका, पुन्हा एकदा मोजा. हा संवाद पेपरमध्ये कधी येत नाही, पेपरमध्ये सगळं इस्त्री करून येतं. म्हणून मी म्हणते, 'पोस्टर सादर केले' ही ओळ दिसली की त्या माणसाला गाठा आणि विचारा, तिथे लोकांनी काय विचारलं.

कॉम्प्युटर सायन्सवाले आता मनात म्हणत असतील की आमचं काय, कारण त्यांच्याकडे उलटी गंगा आहे, त्यांच्याकडे कॉन्फरन्सचा पेपर हाच मुख्य पेपर, रिव्ह्यू होऊन निवडलेला, जर्नल नंतर. त्यामुळे इतिहासाच्या प्राध्यापकाची कॉन्फरन्सची ओळ आणि मशीन लर्निंगवाल्याची कॉन्फरन्सची ओळ शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे काहीच्या काही. पण त्यांच्या निवडीलाही फार पवित्र मानू नका. न्यूरिप्स ही त्यांची नावाजलेली परिषद, २०१४ साली तिने स्वतःवरच एक प्रयोग केला, १६६ पेपर दोन वेगवेगळ्या समित्यांकडे दिले, एकीला दुसरीचा निकाल माहीत नाही. एका समितीने जे घेतले त्यातले निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारले. अगदीच टाकाऊ पेपर दोघींनाही ओळखता आले, मधल्या मोठ्या पट्ट्यात मात्र बराचसा नशिबाचा खेळ. स्वतःचीच अशी परीक्षा घेऊन निकाल उघड करणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं, पण ज्या पोराचा पेपर रिजेक्ट झाला त्याला हा आकडा जरूर सांगा.

नावांचा क्रम, हा अजून एक सापळा. बायोलॉजीत पहिलं नाव म्हणजे ज्याने हातांनी काम केलं आणि शेवटचं म्हणजे ज्याची लॅब. मॅथ्समध्ये साधारणपणे आडनावं वर्णानुक्रमे, त्यातून काहीही कळत नाही. आणि कण-भौतिकीत तर २०१५ साली हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरचा एक पेपर आला त्याला ५,१५४ लेखक, ३३ पानांतली २४ पानं नुसती नावं आणि संस्था! याच्या दुसऱ्या टोकाला १९७५ चा तो मांजरीचा किस्सा. जॅक हेदरिंग्टन नावाचे मिशिगन स्टेटचे फिजिसिस्ट, एकट्याने पेपर लिहिला पण सगळीकडे 'आम्ही' 'आम्ही' लिहून बसले, मित्र म्हणाला एकट्या लेखकाचा असा पेपर जर्नल परत पाठवेल. टाइपरायटरचा जमाना, सगळं परत टाइप कोण करणार, मग त्यांनी घरच्या चेस्टर या सयामी बोक्याला एफ. डी. सी. विलार्ड असं भारदस्त नाव देऊन सहलेखक करून टाकलं. पेपर छापून आला, चांगला होता.

बोगस जर्नल्सबद्दल थोडक्यात बोलते, कारण त्याच्यावर सगळेच बोलतात. २०१३ साली सायन्स नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक खोटा पेपर ३०४ ओपन अॅक्सेस, म्हणजे वाचकांना फुकट खुल्या असलेल्या, जर्नल्सना पाठवला, १५७ जणांनी तो स्वीकारला. बास, त्याच्यावर जास्त काय बोलायचं. जर्नलचं नाव भारदस्त आहे म्हणून भुलू नका, संपादक मंडळात कोण आहे आणि रिव्ह्यूला किती दिवस लागले ते बघा, तीन दिवसांत 'स्वीकृत' आलं असेल तर वाचलंय कोणी?

शेवटी एक गोष्ट, जी या याद्यांमध्ये मी आजवर एकदाही पाहिली नाही. पेपर आला ही ओळ येते, पेपर मागे घेतला गेला ही ओळ कधीच येत नाही. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त पेपर मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांवर एकट्या हिंदावी या प्रकाशनसंस्थेचे. हे सगळे पेपर कधी ना कधी कोणाच्या तरी यादीत आले असणार, अभिनंदनही झालं असणार, आणि त्या जुन्या याद्या अजून तशाच्या तशा पडून आहेत. दरवेळी माणूस लबाडच असतो असंही नाही, कधी स्वतःची चूक कळल्यावर लेखकच पेपर मागे घेतो, आणि माझ्या मते तसं असेल तर ती ओळ अभिमानाने छापायला हवी. तोवर आपण वाचकांनी करायचं काय, तर पेपरला डीओआय नंबर असतो, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, तो घ्यायचा आणि रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्यांच्या, डेटाबेसमध्ये टाकायचा, सप्टेंबर २०२३ पासून हा डेटाबेस डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि सगळ्यांना फुकट खुला आहे. एका पेपरला मिनिटभरसुद्धा लागत नाही. चला, आता प्रश्न घेऊ, मागच्या रांगेतून कोणीतरी मघापासून हात वर करून बसलंय.