जुन्या सीडीचा रास्त भाव

रसिकहो, गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका घरातून जुन्या सीडींचा भाव सांगायला मला बोलावणे आले. आजोबा वारले होते, त्यांनी जमवलेल्या सुमारे दोनशे सीडी दोन खोक्यांत भरून ठेवल्या होत्या, आणि आजींनी विचारले, ‘भाऊ, रद्दीवाला सगळ्यांचे मिळून पाचशे देतो म्हणतोय, देऊन टाकू का?’ घेणाऱ्याला किंमत ठाऊक आहे आणि देणाऱ्याला नाही, अशा वेळी भाव कसा ठरवावा, हाच आजचा विषय आहे.

पूर्वीच्या एलपी ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटे मावत. १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आलेल्या सीडीवर सुमारे ७४ मिनिटे मावू लागली. विलंबित ख्यालाची सावकाश बढत बाजू न उलटता ऐकण्याची सोय झाली, आणि लंडनच्या नवरस किंवा ब्रिटनमधल्याच निंबस यांसारख्या कंपन्यांनी तशी दीर्घ ध्वनिमुद्रणे काढली. त्यांतली जी पुन्हा छापली गेली नाहीत, त्यांना आज गिऱ्हाईक आहे. चित्रपटगीतांचे घरोघरी पोचलेले संग्रह मात्र कितीही गोड असले तरी भाव खात नाहीत.

भाव सांगण्याआधी तबकडी दिव्याखाली तिरपी धरून पाहावी. मधल्या भोकाभोवतीच्या आरशासारख्या कड्यावर बारीक अक्षरे कोरलेली असतात. मूळ छपाई कोणती आणि नंतरची कोणती, हे तिथे कळते, मुखपृष्ठावरून नव्हे. खालच्या बाजूचे बारीक ओरखडे बहुधा निभावून जातात, पण लेबलाच्या बाजूचा खोल ओरखडा घातक असतो, कारण चकाकणारा थर त्या पातळ वार्निशाच्या लगेच खाली असतो. १९८८ ते १९९३ या काळात इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या कारखान्यात निघालेल्या काही सीडी वार्निशातील दोषामुळे कडेकडून तांबूस पडत गेल्या. तशी खूण दिसली की ती पूर्ण वाजवून पाहिल्याशिवाय आकडा उच्चारू नये. तडकलेली प्लॅस्टिकची डबी बदलता येते. आपल्याकडच्या दमट हवेत चिकटून फाटलेली पुस्तिका मात्र परत मिळत नाही, आणि संग्राहकाला तीच हवी असते.

आता आकडा. ध्वनिमुद्रिकांची नोंद आणि खरेदी-विक्री होते त्या डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर बहुतेक आवृत्त्यांखाली पूर्वीच्या विक्रीची किमान, मध्यक (किमती चढत्या क्रमाने लावल्यास मधोमध येणारी) आणि कमाल किंमत दिसते. विक्रेते सध्या काय मागत आहेत याकडे मी फारसे पाहत नाही, कारण तीन-तीन वर्षे न विकलेली वस्तूही त्याच यादीत मोठ्या आकड्याने मिरवत असते. मी मध्यक धरतो आणि स्थितीप्रमाणे कमी-जास्त करतो. परदेशातील किमतीत टपाल व जकात मिळवून तो आकडा इथल्या गिऱ्हाइकाला सांगणे मला अजिबात पटत नाही. तबकडी नाशिकच्याच कपाटात आहे, तिने कोणतीही सीमा ओलांडलेली नाही.

स्वतः विकण्यासाठी घेत असेन तर मी त्या हिशेबाच्या साठ टक्के देतो, कारण विकली जाईपर्यंत पैसा अडकतो आणि काही सीडी माझ्याकडेच राहतात. पण हे साठ टक्के कशाचे, ते समोरच्याला कागदावर लिहून दाखवतो. आजींनाही सव्वीस सीडींची यादी मध्यकासह दिली, उरलेल्यांना खरोखरच फारसा भाव नाही हेही सांगितले. त्या सव्विसांपैकी एकीची कड तांबूस झाली होती. ती वाजवली, तर शेवटच्या दहा मिनिटांत खरखर होती. तिच्यापुढे मी शून्य लिहिले आणि ती आजींकडेच ठेवली.