भिंतीवर ७.२, गाडीत ३.३

नमस्कार श्रोतेहो.

जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या विजेवरच्या गाडीसाठी पार्किंगमध्ये ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवून घेतला. पैसे गेले, पण गाडी भरायला वेळ तेवढाच. "फसवलं की हो मला!" म्हणाले. फसवलं कुणीच नव्हतं.

भिंतीवरच्या डब्याला आपण चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. घरात येते ती एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज; बॅटरीला लागते डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी. हा बदल गाडीतला चार्जर करतो, आणि यांच्या गाडीतला होता ३.३ किलोवॅटचा. भिंतीवर ७.२ चा लावा नाहीतर ११ चा, गाडी ३.३ च्या वर घेणारच नाही. गाडी घेताना आपण रंग चारदा बघतो, हा आकडा एकदाही विचारत नाही.

आता साधं १५ अँपिअरचं सॉकेट घ्या. २३० व्होल्टला ते ३४५० वॅट देतं. म्हणजे ३० युनिटची रिकामी बॅटरी, थोडी वीज वाया जाते ती धरून, दहा तासांत भरते. पण २३० व्होल्ट कायम मिळतात कुठं? नळाला पाणी आलं की गल्लीतल्या पाणी ओढायच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू! व्होल्टेज १९५ वर घसरलं, तर त्याच सॉकेटमधून २९२५ वॅटच येतात. दहाचे बारा तास झाले. म्हणून रात्री जेवणंबिवणं उरकून, गल्ली निजल्यावर गाडी लावलेली बरी.

ऊनही आडवं येतं. मे महिन्यात होटगी रोडवरून तापून आलेली गाडी लगेच लावली, तर बॅटरी सांभाळणारी यंत्रणा स्वतःच करंट कमी करू शकते. तासभर सावलीत राहू द्या.

वायरीबद्दल मात्र मी जरा कडकच बोलणार. दुसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशन सोडून गाडी लावलेली मी पाहिली आहे. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, वर वायर तापते. सॉकेट पिवळं पडलं, जळका वास आला, की चार्जिंग बंद करा. मीटरपासून वेगळी, जाड वायर ओढून घ्या, अर्थिंग तपासा, आणि मोठा चार्जर लावायच्या आधी वीजबिलावरचा मंजूर भार बघा.

शेजाऱ्यांनी तो डबा काढलेला नाही. त्यांची लेक पुढच्या वर्षी गाडी घेणार आहे. तिच्या गाडीत किती किलोवॅटचा चार्जर येतो, हे त्यांनी आत्ताच विचारून ठेवलंय.